अर्धा इंची म्हणजे नक्की किती?

जुनं घर घेताना लोक उतारा बघतात, गल्लीत चारचाकी वळते का बघतात, २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारून घेतात. आम्हीही हे सगळं रीतसर केलं. जवाहरनगरच्या अंगाला, पंचगंगेपासून लांब, खाली दोन खोल्या, वर दोन, मागं परडं आणि परड्यात एक नळ. आधीचे मालक उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. रिटायर झाले आणि मुलाकडं पुण्याला गेले. "घराला कसबी माणसाचा हात लागलाय बरं का," असं मध्यस्थ दोनदा म्हणाला. आम्ही ते कौतुक म्हणून ऐकलं. त्याचा खरा अर्थ पहिल्या पावसाळ्यात कळला. या घरातल्या निम्म्या वस्तू बाजारातल्या नाहीतच. खिडकीच्या खिट्ट्या त्यांनी केलेल्या, कपाटाच्या मुठी त्यांनी केलेल्या, न्हाणीतल्या नळाचा दांडासुद्धा त्यांनीच कातून बसवलेला.

आणि राहायला कोण आलं, तर आम्ही. मी बँकेत काउंटरवर बसणारी. लग्नापासून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिले. काही बिघडलं की वॉचमनला सांगायचं, तो प्लंबर पाठवायचा. नवरा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हिशेब लिहितो, आणि बल्ब बदलायला शेजारच्या पोराला हाक मारतो. सासूबाई गडहिंग्लजकडच्या. त्यांना सगळं कळतं, पण गुडघे साथ देत नाहीत, म्हणून त्या खुर्चीतनं हुकूम सोडतात. अशा घरात परड्यातला नळ गळायला लागला.

प्लंबरला फोन केला. "येतो की वैनी, तवर कॉक बंद करून ठेवा," म्हणाला. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या प्लंबरचं 'येतो की' म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पण माझं घोडं अडलं ते त्याच्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर. कॉक? कुठला कॉक?

नळ दुरुस्त करण्यातला पहिला धडा नळापाशी नसतो. जिन्याखाली, गुंडाळलेल्या चटयांच्या मागं, गंजलेल्या चाकाचा एक गेट व्हॉल्व सापडला. बाहेर फाटकापाशी फरशीखालच्या चौकोनी खड्ड्यात महापालिकेचं मीटर आणि त्याच्या अलीकडं दुसरा. गच्चीवरच्या टाकीतनं खाली चार पाइप उतरतात, त्यांवर चार. कोण कुणाचा हे कळायला मार्ग एकच: एक बंद करायचा आणि घरभर फिरून कुठला नळ आटला ते बघायचं. सासूबाई खालून ओरडत होत्या, "मोरीतलं गेलं! न्हाई, आलं! आता सैपाकघरातलं गेलं!" त्या दिवशी मी प्रत्येक व्हॉल्ववर सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधला आणि त्यावर मार्करनं लिहिलं. या घरात मी केलेली सगळ्यात उपयोगी दुरुस्ती अजूनही तीच आहे, आणि तिला पाना लागला नाही. नव्या घरात जाणाऱ्या कुणालाही मी आता वास्तुशांतीच्या आधी हे करायला सांगते.

व्हॉल्वची दोन सोंगं असतात हेही तेव्हाच कळलं. चाकाचा असतो तो गेट व्हॉल्व; वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही की जाम होतो. त्याला जोर दाखवायचा नाही. दांड्याच्या मुळाशी थोडं तेल सोडायचं, थोडं पुढं, थोडं मागं, असं करत सोडवायचा. आणि पूर्ण उघडला की पाव फेरा उलटा घ्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी अडकून बसत नाही. दुसरा दांडीचा, बॉल व्हॉल्व. त्याची दांडी पाइपच्या रेषेत असली तर चालू, आडवी असली तर बंद. इतकं सोपं असताना पहिल्याचा शोध कशाला लागला असेल, असं मनात आलंच.

पाणी बंद झालं. आता नळ. गळती दोन जागांहून होते: तोटीतून टपटप किंवा मानेतून, म्हणजे चावी फिरवताना दांड्याच्या कडेनं. तोटीतून गळत असेल तर आतला वायसर गेला. मानेतून गळत असेल तर मानेवरचं नट पाव फेरा आवळून बघायचं. तेवढ्यानं थांबलं नाही तर आत दोरा किंवा टेफ्लॉन भरायचं. आमच्या नळाला दोन्ही रोग होते. शेजारच्या काकांकडून स्क्रू पाना आणला, जबडा रुंद करून नटावर बसवला, आणि नळाचं डोकं हातात आलं. त्यात पितळेचा दांडा, टोकाला एक बुटकं बटण, बटणाला काळा रबर. त्या रबराला मधोमध गोल खड्डा पडलेला. तेवढ्या खड्ड्यातनं रात्रभर बादली भरत होती.

लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. सकाळी दहाची वेळ, काउंटरला गवंडी, प्लंबर, रंगारी लागलेले, सगळे एका दमात मागणी सांगत होते आणि दुकानातली पोरं न बघता खोक्यातनं माल काढत होती. माझी पाळी आली.

"नळाचा वायसर पाहिजे."

"अर्धा इंची का पाऊण?"

मी तयारीनं गेले होते. माझ्या पोराच्या कंपासमधली पट्टी लावून नळ बसतो त्या पाइपची जाडी मोजून आणली होती. "एकवीस मिलीमीटर," मी ऐटीत सांगितलं. मागचा गवंडी खोकल्यासारखं हसला.

"म्हंजे अर्धा इंची," दुकानदार म्हणाला.

आता अर्धा इंच म्हणजे जवळपास तेरा मिलीमीटर. चौथीतल्या पोरालाही ठाऊक. एकवीसचा अर्धा इंच कसा होतो? दुकानात उभी राहून मी हे विचारलं, आणि त्या माणसानं गर्दीतही वेळ काढून सांगितलं, म्हणून त्याचे उपकार मानायचे. पाइपचं माप बाहेरून नसतं, आतून जे पाणी जातं त्या पोकळीचं असतं, आणि तेही नावापुरतं. जुन्या लोखंडी अर्धा इंची पाइपची बाहेरची जाडी सव्वाएकवीस मिलीमीटरच्या आसपास भरते. पण हल्ली न्हाणीघरात घालतात तो पिवळट सीपीव्हीसीचा पाइप, तोही अर्धा इंचीच म्हणायचा, त्याची बाहेरची जाडी सोळाच्या जवळपास. दोघांचं नाव एक, अंग वेगळं. एकमेकांत घालायला गेलं तर जात नाहीत; मध्ये आट्यांचा जोड लागतो. त्यात स्क्रू-बोल्ट घ्यायला गेलं की तिसरीच भाषा: सूत. आठ सुतांचा एक इंच. चार सुती म्हणजे अर्धा इंच, आणि हा मात्र खरोखरचा अर्धा इंच. मी बँकेत व्याजाचे दर तोंडपाठ म्हणते, पण त्या काउंटरवर मला आकडेच कळेनासे झाले.

"वैनी, मापं घालत बसू नका," दुकानदार शेवटी म्हणाला. "जुनं काय हाय ते काढून खिशातनं आणत जावा. बघितलं की देतो."

हे वाक्य मला पुढं सगळीकडं कामी आलं. तोंडी वर्णनावर कुणी वस्तू देत नाही आणि देऊही नये. दाराची कडी, फ्लशचा रबर, मिक्सरचा कपलर, कुकरची शिट्टी, काहीही असो. जुना तुकडा काढायचा, कागदात गुंडाळायचा आणि दुकानात टेबलावर ठेवायचा. काढता येत नसेल तर मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. आणि काढताना सुटलेले भाग ज्या क्रमानं सुटले त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर डावीकडून उजवीकडं मांडून ठेवायचे, म्हणजे परत बसवताना वाचत यायचं.

मी दांडा पर्समधनं काढला. दुकानदारानं तो उजेडाकडं धरला, अंगठ्याचं नख आट्यांवरनं फिरवलं आणि परत दिला. "वायसर देतो. पर दांडाबी झिजलाय, आणि हे आटं बाजारातलं न्हाईत. हे कुणीतरी लेथवर केलंय. उद्यमनगरात जावा."

कोल्हापूरचं हे एक बरं आहे. दुसऱ्या गावात 'मिळत नाही' म्हटलं की विषय संपतो; इथं 'मिळत नाही' म्हटलं की 'करून घ्या' सुरू होतं. शिवाजी उद्यमनगरातल्या गल्ल्यांत लेथ, मिलिंग, ड्रिलिंग, बफिंग अशी दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. इथल्या ऑइल इंजिनांनी आसपासच्या कितीतरी विहिरींवर पाणी ओढलं. ते इंजिन घडवणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं नाव या भागात अजून मानानं घेतात. त्याच्याही आधी, १९१८ साली, बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून याच गावात सिनेमाचा कॅमेरा बनवला. परदेशी यंत्र परवडत नाही तर आपण करू, असा तो हिशेब. त्यांचा 'सैरंध्री' १९२० मध्ये आला. बाबूरावांचंही मूळ आडनाव मेस्त्रीच. सिनेमाचा कॅमेरा करणाऱ्या गावात माझा नळाचा दांडा होणार नाही, असं कसं म्हणायचं?

दुकान म्हणजे एक शटर, आत दोन लेथ, जमिनीवर तेलाचा काळा थर आणि भिंतीवर महालक्ष्मीचा फोटो. फोटोच्या काचेवरही तेलाचा पापुद्रा. एक वयस्कर मामा चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. मी कागद उघडून दांडा पुढं केला. त्यांनी खिशातनं पोलादी पात्यांचा एक जुडगा काढला, चाकूसारखी उघडणारी बारीक पाती, प्रत्येकाच्या कडेला दाते. एक पातं आट्यांवर ठेवलं, उजेडाकडं धरलं. दातांच्या मधून उजेड दिसला. दुसरं ठेवलं, अजून थोडा उजेड. तिसऱ्याला उजेड दिसला नाही. "हे पिच गेज, ताई. उजेड बंद झाला की माप गावलं." मग व्हर्निअर लावला, मागच्या गठ्ठ्यातनं पितळी बारचा तुकडा उचलला, चकात आवळला आणि मशीन चालू केलं.

पितळ कातताना लोखंडासारखी लांब सालं निघत नाहीत. बारीक सोनेरी कीस उडतो आणि मशीनच्या पाटीवर साठत जातो. मामा बघतसुद्धा नव्हते, कानानं काम करत होते. आवाज जरा बदलला की हँडल मागं घेत. आटे पाडताना मात्र वाकून बसले, एक हात हँडलवर, एक लिव्हरवर; पातं पुढं गेलं, मागं आलं, पुन्हा थोडं खोल गेलं. मध्येच थांबून जुना नट नव्या दांड्यावर फिरवून बघितला, अडला, परत एक हात मारला. दुसऱ्यांदा नट आपल्या वजनानं खाली उतरत गेला.

"हा जुना कुणी केला हुता?" त्यांनी विचारलं. मी आधीच्या मालकांचं नाव सांगितलं. मामांनी जुना दांडा पुन्हा उचलला, टोकाकडं बोट दाखवलं. तिथं कडेला अगदी बारीक उतार दिलेला होता, नट घालताना आटे चुकू नयेत म्हणून. "म्हटलं, ही सवय कुणाची. आमच्या शेजारच्याच दुकानात हुते की. बाजारचा माल असला उतार देत न्हाई." पैसे पन्नास सांगितले. वर फुकटचं एक ज्ञान दिलं: आटे बहुतेक उजवे, म्हणजे उजवीकडं फिरवलं की आवळतात, डावीकडं की सुटतात, पण जे भाग फिरतात, तिथं कधी कधी उलटे असतात, फिरता फिरता आपोआप सुटू नयेत म्हणून. सायकलचा डावा पायडल उलट्या आट्यांचा. टेबल फॅनच्या पात्यापुढची टोपीही. "सुटत न्हाई म्हणून जोर लावायच्या आधी दुसऱ्या बाजूला फिरवून बघायचं. जोर लावून आटं मारलं की मग माझ्याकडं यायचं, आणि तवा पन्नासात भागत न्हाई."

घरी आल्यावर दांडा बसवला, वायसर बसवला. नळ पाइपला जोडतात तिथं टेफ्लॉन टेप लावायची. आटे आपल्याकडं तोंड करून धरायचे आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना तीच सुटून गोळा होते. सासूबाईंना ही पांढरी चिंधी काही पटली नाही. त्यांच्या काळी सफेदा लावून ताग गुंडाळायचे, आणि तो जोड पाइप कुजला तरी सुटत नसे. त्यात तथ्य आहे. फक्त पुढं कधी सोडवायची वेळ आली तर सोडवणाऱ्याचे हाल. कॉक उघडला. टपटप बंद. मी पाच मिनिटं नुसती नळाकडं बघत उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "आता तिथंच झोपतीस काय?"

त्यानंतर घरातली प्रत्येक कुरकुर मला ऐकू यायला लागली. फ्लशच्या टाकीत रात्री मधूनच पाणी भरल्याचा आवाज येई, कुणी गेलेलं नसताना. बँकेतल्या शिपाई मामांनी उपाय सांगितला: टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि अर्धा तास कुणी जाऊ नका. खालचं भांडं निळं झालं तर तळाचा रबर गळतोय. निळं झालं. रबर काढला, खिशात घातला, दुकानातनं तसाच आणला, बसवला. सगळा खर्च रिक्षाच्या भाड्याहून कमी. पाण्याच्या बिलात मात्र त्याचा फरक दिसला.

न्हाणीच्या नळाच्या तोंडावरची जाळी बोअरच्या क्षारानं बुजलेली होती. ती फिरवून काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासली, की धार परत येते. इथं एक गोष्ट सासूबाईंशी भांडून ठरवून घेतली: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका दिवशी, एका मोरीत नाही. दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरिन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. "आमी जल्मभर दोन्ही टाकत आलोय," त्या म्हणाल्या. दार उघडं ठेवून टाकत असतील, दुसरं काय.

मिक्सरचा किस्सा घरातल्या पुरुषांना अजून आवडतो. पाहुणे येणार, पांढऱ्या रश्श्याचं वाटण फिरतंय, खोबरं-खसखस-काजू, घट्ट झालेलं, आणि मिक्सर एकदम मेला. वास नाही, धूर नाही, नुसता गप्प. नवरा म्हणाला, नवा घेऊ. शेजारच्या बारावीतल्या पोरीनं मिक्सर उलटा केला, तळातलं लाल बटण दाबलं, पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि वाटणात थोडं पाणी घालायला लावलं. चालू! मोटरवर भार फार आला की ते बटण आपणहून बाहेर येतं. ती मोटर वाचवायची सोय आहे. वर्षाची चटणी आम्ही डंकावरच कांडून आणतो. तो भार घरच्या मिक्सरवर घालायचाच नाही.

दाराची बिजागरी सैल होऊन दार खाली बसलं होतं, स्क्रू नुसता फिरत होता. लाकडातलं भोक मोठं झालेलं. त्यात फेविकॉल लावलेल्या आगकाड्या ठोकून भरल्या, गूल काढून अर्थात, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर स्क्रू पिळला. घट्ट. हे इतकं सोपं आहे की सांगायची लाज वाटते.

विजेला मात्र मी हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नका. म्हणजे काय करते ते सांगते. मुख्य स्विच कुठला हे घरातल्या प्रत्येकाला दाखवलंय, पोरालासुद्धा. मीटरच्या बोर्डावर ईएलसीबी बसवून घेतला. तीस मिलीअँपियर गळती झाली की तो वीज तोडतो. त्यावर टेस्टचं एक बटण असतं, ते महिन्यातनं एकदा दाबायचं. खट्कन पडला तर तो जिवंत आहे. पडला नाही तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन. जुन्या बोर्डात एका फ्यूजमध्ये जाड तार घातलेली निघाली, सारखा फ्यूज उडू नये म्हणून. फ्यूज उडण्यासाठीच असतो. जाड तार घातली की त्याच्याऐवजी भिंतीतली वायर जळते. आधीच्या कसबी मालकांनी हे केलं नसावं, असं मला वाटायला आवडतं.

पंखा मंद फिरायला लागला तेव्हा मी बटण बंद करून ते इलेक्ट्रिशियनला सांगितलं, आणि तो म्हणाला, "कंडेन्सर." बंद पंखा चालू केल्यावर नुसता गुणगुणतो आणि काठीनं ढकलला की फिरतो, तर बहुधा कंडेन्सरच. छताच्या पंख्याला साधारण अडीच मायक्रोफॅरडचा लागतो. त्यानं तो बदलला, मी स्टूल धरलं. बदलायला सोपा दिसतो, पण बटण बंद केल्यावरही त्यात थोडी वीज साठून राहते, म्हणून ते काम त्याचंच.

बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरला शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीकडची एक मैत्रीण बसते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा तिच्या घरात ते खिडकीपर्यंत होतं. पाणी ओसरल्यावर घरात शिरायची घाई सगळ्यांनाच होते. तिनं सांगितलं ते मी लिहून घेतलं: घर सोडतानाच मेन स्विच बंद, परतल्यावर पाण्यात किंवा ओल्या फरशीवर उभं राहून त्याला हात नाही, भिंतीतले बोर्ड उघडून, चिखल धुऊन, वाळवून, वायरमननं तपासल्याशिवाय लाइट नाही. फ्रिज-मोटर वाळल्यासारखी दिसली तरी आतून ओलीच असते. त्या आठवड्यात शहरातले वायरमन सोन्याच्या भावानं मिळत होते, तरी तिनं वाट बघितली. आमचं घर उंचावर आहे, पण २०२१ ला पाणी परत आलंच होतं. कोल्हापुरात राहून हे माहीत नसणं परवडत नाही.

गच्चीचं प्रकरण मोठं आहे आणि ते मी गवंड्यावर सोडलंय. फक्त आधी एक शोध स्वतः लावला. वरच्या खोलीच्या छताला ओलीचा नकाशा उमटला होता. ती ओल गच्चीची की पाइपाची? उत्तर मे महिन्यात मिळतं. कडक उन्हाळ्यात वाळली तर पावसाची, बाराही महिने ओली तर पाइपाची. आणि भिंतीवरची ओल आतून येते का खोलीतल्या दमट हवेची, हे बघायला भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं दोन दिवस चिकटवायचा. दव आतल्या बाजूला आलं तर भिंतीतनं, बाहेरच्या बाजूला आलं तर हवेतलं. आमचं पावसाचं निघालं. गवंडी म्हणाला, "मृगाच्या आधी बोलवायचं, वैनी. आता पावसात काय करणार? ओल्यावर काय धरत न्हाई." रोहिणी निघाल्यावर जाग्या होणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल त्याचं मत फार वाईट आहे. सध्या मी पन्हळीत साठलेली पानं दर रविवारी काढते. निम्मी गळती पानांनी तुंबलेल्या पाण्याचीच असते, असं तोच म्हणाला.

उरलं ते परड्याचं दार. पावसात फुगतं, ढकलून लावावं लागतं. सुताराला रंधा मारायला बोलावलं तर त्यानं यायलाच नकार दिला, आणि मला तो माणूस आवडला. आता मारला तर उन्हाळ्यात फट पडेल, दसरा होऊ दे, म्हणाला. तवर चौकटीला खडू घासा, दार लावा, उघडा. दाराच्या कडेला खडू जिथं लागेल तिथंच ते घासतंय, तेवढ्या जागेवर मेणबत्ती घासून काम चालवा. जाता जाता त्यानं दाराची वरची कड बघायला सांगितली. स्टुलावर चढून बघितलं तर तिथं रंगाचा थेंब नाही, कोरं लाकूड. खालीही तसंच. पाणी तिथनंच पितं, म्हणाला; रंगारी समोरून रंगवतात, वरून-खालून कोण बघतंय? दसऱ्यानंतर तो येईल, दार बिजागरीतनं उतरवेल, रंधा मारेल, आणि वरखालच्या कडांना दोन हात ऑइलपेंट मी देणार आहे. त्याच रंगाचा अर्धा डबा माळ्यावर आहे, आधीच्या मालकांनी ठेवलेला. त्याचं झाकण काही केल्या उघडत नाही. बहुतेक तेही त्यांनी लेथवर केलेलं असणार.